पूलमधे किक शॉट दरवेळी बॉलच्या अलीकडेच का जातो? कृपया मदत करा

मांडवी_किनारा

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा. लहानपणापासून कॅरम खेळलोय, आमच्या वाडीत गणपतीत पाच दिवस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बोर्ड चालायचा, त्यामुळे रिबाऊंडची सवय हाताला आहे. गेली दोन वर्षं पूल खेळतोय. पॉटिंग, म्हणजे बॉल पॉकेटमधे घालणं, बऱ्यापैकी आहे, लांबचा कटही (तिरका शॉट) बसतो. पण समोरच्याने स्नूकर लावून ठेवला, म्हणजे माझ्या बॉलचा सरळ रस्ता अडवला, की माझा डाव गेलाच म्हणून समजा. किक मारतो, म्हणजे व्हाईट (मारायचा पांढरा बॉल) आधी कुशनला, टेबलच्या रबरी काठाला लावतो, आणि तो माझ्या बॉलच्या अलीकडून निघून जातो. पलीकडून गेला असं एकदाही झालं नाही, दरवेळी अलीकडूनच. मग फाऊल, समोरच्याला बॉल इन हँड (व्हाईट हवा तिथे ठेवायची मुभा), आणि तो शांतपणे सगळं साफ करून जातो.

परवाचाच शॉट सांगतो म्हणजे नीट कळेल. टेबल आठ फुटी, दोन डायमंडमधलं (कुशनमागच्या लाकडावरच्या ठिपक्यांमधलं) अंतर मी टेपने मोजलंय, ११ इंच. माझा आठ नंबर तेवढा राहिलेला आणि मधे त्याचे दोन बॉल आडवे. व्हाईट टेबलच्या लांब बाजूच्या कुशनपासून साधारण २० इंचावर, आठ नंबर त्याच कुशनपासून १० इंचावर, आणि कुशनच्या दिशेने बघितलं तर दोघांच्यात तीन डायमंडचं अंतर. मी असा विचार केला की व्हाईट कुशनपासून दुप्पट लांब आहे तर तीन भागातले दोन भाग व्हाईटकडे आणि एक भाग आठकडे, म्हणजे व्हाईटपासून दुसरा डायमंड. त्या डायमंडवर नजर ठेवून व्हाईटच्या मधोमध मारला, साईड (डाव्या-उजव्या बाजूला मारून दिलेली फिरकी) अजिबात दिली नाही. तरी जवळजवळ अर्धी वीत अलीकडून गेला हो. हिशेबच चुकतोय की हात चुकतोय तेवढं सांगा. गणपतीला मुंबईहून सगळे आले की आमची आपापसात स्पर्धा असते, त्याच्या आधी हे सुधारायचंय.

निळा_चॉक

भाऊ, तुझा दोनास एक हा हिशेब अगदी बरोबर आहे, तो सोडू नकोस. आणि एवढ्या नीट मापं दिलीस म्हणून सांगता येतंय, नाहीतर लोक नुसतं "किक बसत नाही" लिहितात आणि आपण अंदाज बांधत बसतो.

चूक आहे ती तू नेम कुठे धरतोस त्यात. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर. तो कुशनला टेकतो तेव्हा त्याचा मध्य कुशनच्या धारेपासून अर्धा बॉल अलीकडे असतो, साधारण २८-२९ मिलिमीटर. म्हणजे व्हाईट वळतो तो कुशनच्या धारेवर नाही वळत, धारेच्या अर्धा बॉल आत एक न दिसणारी रेघ आहे असं समज, तिथे वळतो. आणि तू बघतोयस डायमंडकडे, जो लाकडावर आहे. नियमाप्रमाणे बनवलेल्या टेबलवर डायमंडचा मध्य कुशनच्या धारेपासून ९४ मिलिमीटर मागे असतो. ९४ अधिक २८, म्हणजे जिथे व्हाईट खरंच वळतो त्याच्या बारा सेंटिमीटर मागच्या ठिपक्यावर तुझा नेम आहे. सरळ काटकोनात मारायचं असतं तर काही फरक पडला नसता, पण तिरकं मारताना त्या ठिपक्याकडे निघालेला व्हाईट वाटेतच, तुला हव्या त्या जागेच्या कितीतरी अलीकडे कुशनला लागतो.

तुझीच मापं कागदावर काढून बघितली. दुसऱ्या डायमंडच्या ठिपक्याकडे सरळ मारलास तर व्हाईट ठरल्या जागेच्या सव्वाचार इंच अलीकडे वळतो, आणि आठ नंबरच्या रेषेत येईपर्यंत हे अंतर सहा इंचाच्या वर जातं. त्यात कोनही थोडा उभा होतो ना, म्हणून परत येतानाही मार खातो. सहा इंच कुशनच्या दिशेने, म्हणजे तिरक्या वाटेने बघितलं तर तुझी अर्धी वीत. हात चुकला असता तर कधी अलीकडे कधी पलीकडे गेला असता. कायम एकाच बाजूला जातोय याचा अर्थ हात चांगला आहे.

अजून एक. बरेच जण डायमंड सोडून कुशनच्या धारेवर, दुसऱ्या डायमंडच्या बरोबर समोर नेम धरतात. त्यानेही या शॉटला पावणेदोन इंच अलीकडेच येतो. बॉलला लागेल, पण चाटून जाईल, आणि स्पीडमधे जरा इकडेतिकडे झालं की तेही गेलं.

आता करायचं काय ते सांगतो. घरातला दाढीचा आरसा घेऊन जा, चौकोनी असला तर उत्तम. कुशनला एक बॉल चिकटवून ठेव आणि त्या बॉलच्या मध्याच्या रेषेत आरसा येईल असा कापडावर उभा धर, कुशनला समांतर. म्हणजे आरसा कुशनला टेकलेला नको, अर्धा बॉल पुढे हवा. मग व्हाईटच्या मागे वाकून आरशात बघ, आठ नंबर तुला आरशाच्या आत, पलीकडे दिसेल. त्या आतल्या आठ नंबरवर सरळ नेम धर. तोच किकचा नेम. क्यूची (काठीची) रेघ कुशनवरून, लाकडावरून कुठून जाते ते बघून ठेव, मित्राला आरसा उचलायला सांग आणि मार. पंधरा-वीस वेळा केलंस की डोळ्याला ती न दिसणारी रेघ दिसायला लागते. मी चिपळूणला असंच शिकलो, एका काकांनी शिकवलं, ते बोलायचे कमी पण आरसा पिशवीत कायम असायचा.

दापोलीकरीण

निळा चॉक दादांनी लिहिलंय ते पटलं, मी त्यात वेगाचं सांगते कारण कॅरमवरून आलेल्या प्रत्येकाला (मीही त्यातलीच) हे नडतं.

कॅरमचा स्ट्रायकर घसरत जातो. पावडर टाकलेल्या बोर्डवर तो फ्रेमला लागून येतो तेव्हाही घसरतच येतो, त्यामुळे रस्ता सरळ असतो. व्हाईट घसरत नाही, गडगडतो. आणि गडगडत कुशनवर गेला की उलटा फिरताना त्याचं ते पुढचं गडगडणं लगेच मरत नाही, ते त्याला परत कुशनच्या दिशेने ढकलत राहतं. म्हणून हळू मारलेला व्हाईट कुशनवरून सुटल्यावर थोडा वाकतो आणि अपेक्षेपेक्षा लांब जातो. जोरात मारला तर तो कुशनपर्यंत घसरतच पोचतो, वर रबरही जास्त दबतं, आणि तो आखूड येतो. म्हणजे नेम तोच, पण हळू मारलात तर लांब, हाणलात तर आखूड. तुमचा कायम अलीकडे जातोय त्यात डायमंडचा भाग मोठा आहेच पण कॅरमचा झटका पण असणार, मनगटातून येणारा. मी तरी पहिलं वर्षभर प्रत्येक किक हाणतच होते, भीती वाटायची की बॉलपर्यंत पोचणारच नाही.

एकच स्पीड ठरवा. व्हाईट कुशनला लागून बॉलला लागावा आणि त्यानंतर कुठलातरी बॉल कुशनपर्यंत पोचावा, इतकाच जोर. तेवढा लागतोच, कारण नुसता स्पर्श झाला आणि नंतर काहीच कुशनला लागलं नाही, पॉटही झालं नाही, तर तोही फाऊल. त्या एका स्पीडला तुमचं टेबल काय करतं ते पाठ करा, दहा स्पीड शिकायच्या भानगडीत पडू नका.

आणि साईड दिली नाही म्हणता ते एकदा तपासून घ्या. व्हाईट एका डायमंडच्या समोर ठेवून समोरच्या डायमंडवर काटकोनात मारायचा, क्यू पुढे तसाच धरून ठेवायचा. व्हाईट परत येऊन टिपलाच, म्हणजे क्यूच्या टोकालाच, लागला तर मधोमध मारताय. डावीकडे-उजवीकडे आला तर नकळत साईड जातेय. माझी उजवी साईड जायची, जवळजवळ एक टिपभर, आणि मला शपथेवर वाटायचं की मी मधे मारतेय. ज्या दिशेला किक चाललीय त्याच बाजूची साईड गेली तर व्हाईट लांब पळतो, उलट बाजूची गेली तर आखूड येतो, म्हणजे सगळा आरशाचा हिशेब फुकट.

कॅरममधे तुम्हाला हा त्रास का झाला नाही तेही सांगते, मला हे फार उशिरा कळलं. स्ट्रायकरलाही अर्धा स्ट्रायकर अलीकडे वळणं आहेच. पण बोर्डच्या फ्रेमवर ठिपके नसतात, त्यामुळे डोळा आपोआप योग्य जागी बसतो. पूलमधे ते ठिपके इतके ठळक आहेत की नजर तिकडेच जाते.

मालवणी_क्यू

मांडवीकरानू, ह्यां सगळा बरोबर आसा, पण किक मारूच्या आधी बॉल खंय आसा ता बघा. बॉल कुशनच्या जवळ आसलो तर तो मोठो धरूचो.

बाकी साध्या मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. मोकळ्यावर उभ्या बॉलला किक लावायची तर अलीकडे-पलीकडे मिळून जेवढी जागा असते तेवढीच. पण बॉल कुशनपासून एखाद्या बॉलच्या अंतरात असेल तर व्हाईट त्याला सरळ लागला तरी चालतं आणि थोडा पलीकडे जाऊन कुशनला लागून परत येताना लागला तरी चालतं. म्हणजे चुकायला जवळजवळ दुप्पट जागा. त्यामुळे दोन कुशनमधून रस्ता मिळत असेल तर जवळचा रस्ता कुठला हे बघू नका, कुठल्या रस्त्याने बॉल मोठा दिसतोय ते बघा. मी एक कुशनची सोपी दिसणारी किक सोडून दोन कुशनची मारतो बऱ्याचदा, लोक हसतात पण लागतो.

आणि आठ नंबर पॉकेटच्या तोंडावर असेल तर नेम बॉलवर धरूच नका, पॉकेटवर धरा.

घाटाखालचा

पावसाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी सावंतवाडीजवळचा, आमच्याकडे जून ते सप्टेंबर कापड कधी कोरडं म्हणून नसतं, हाताला गार लागतं. एप्रिलमधे पाठ केलेली किक जुलैमधे बसत नाही, आमच्या टेबलवर तरी व्हाईट जड चालतो आणि आखूड येतो. ज्या देशांत तीन कुशनचं कॅरम बिलियर्ड्स (पॉकेट नसलेल्या टेबलवरचा खेळ) गंभीरपणे खेळतात तिथे टेबलची फरशी खालून गरम ठेवतात, कापडातला ओलावा जावा म्हणून. आपल्याकडे ते होणं कठीण, पण ओलावा केवढा फरक पाडतो ते त्यावरून समजा.

मी करतो ते असं, टेबल घेतलं की पहिल्या रॅकच्या (डावाच्या) आधी तीनच शॉट. कोपऱ्यापासून ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या जोराने, ठरलेल्या बिंदूवर किक, आणि व्हाईट कुठे येतो ते बघायचं. काल जिथे आला त्याच्या दोन बोटं अलीकडे आला तर आज प्रत्येक किकला तेवढं वाढवून धरायचं. त्या रात्री मग बदलायचं नाही. मधे लाईट गेली, पंखे बंद झाले, अर्ध्या तासाने परत खेळायला लागलात तर मात्र परत तीन शॉट मारून बघा.

मांडवी_किनारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी टेबल रिकामं होतं तेव्हा आरसा घेऊन गेलो, टेबलवाल्या काकांना आधी सांगितलं काय करतोय ते.

पहिल्यांदा मुद्दाम आरसा कुशनला टेकवून लावला, बघू तरी म्हणून. आतल्या आठ नंबरवर नेम धरला, मारला, व्हाईट आठला अलीकडच्या बाजूने चाटून गेला. मग बॉल चिकटवून अर्धा बॉल पुढे आरसा धरला. वाकल्यावर जे दिसलं ते डोळ्यासमोरून जात नाहीये. क्यूची रेघ दुसऱ्या डायमंडवरून जातच नव्हती, त्याच्या बऱ्याच पलीकडून, जवळजवळ अर्धा डायमंड पुढून लाकडावरून जात होती. मी दोन वर्षं त्या ठिपक्यावरच मारत होतो. आरसा उचलला आणि मारला, आठ नंबरला भरून लागला, आवाजच वेगळा आला. लगेच पुन्हा तीच मांडणी केली, पुन्हा लागला. दहातले सात लागले. तीन चुकले त्यातले दोन पलीकडून गेले, जे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं, तेव्हा मी फार हळू मारले होते. दापोलीकरीण ताई, तुम्ही लिहिलं होतं तस्संच, कुशनवरून सुटून वाकताना डोळ्यांनी दिसला.

काटकोनाचा शॉट पण केला. टिपला परत येत नाही, डावीकडे येतो थोडा. त्यावर काम चालू आहे.

आता दोन कुशनचं कसं करायचं? आरसे दोन लावू का? आणि डायमंड जर फसवतात तर ते असतात कशाला, मोठे खेळाडू तर तेच मोजताना दिसतात.

निळा_चॉक

वाचून फार बरं वाटलं भाऊ. अर्धा डायमंड पुढून जात होती म्हणालास ते बरोबर आहे, ११ इंचातले पाचेक इंच या कोनाला येतातच.

दोन कुशनला आरसे नकोत, त्याची एक सुंदर गोष्ट आहे. एकमेकांना लागून असलेल्या लांब आणि आखूड कुशनवरून, म्हणजे कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना लागून व्हाईट परत आला तर तो गेला त्याच दिशेला समांतर परत येतो. म्हणून असं कर. व्हाईट आणि तुझा बॉल यांच्या बरोबर मधला बिंदू काढ. त्या बिंदूपासून त्या कोपऱ्याकडे क्यू धर. आता क्यू तिरका न करता, समांतर सरकवत व्हाईटवर आण. त्या दिशेला मार. इथेही कोपरा म्हणजे लाकडाचा कोपरा नाही, आपल्या त्या दोन न दिसणाऱ्या रेघा जिथे मिळतात तो. पॉकेटच्या तोंडातच येतो तो बिंदू. गडगडता, मध्यम जोर, आणि किक चाललीय त्या बाजूची किंचित साईड, नाहीतर दुसऱ्या कुशनवर मरतो.

डायमंड फसवत नाहीत, वापरायची पद्धत वेगळी आहे. तीन कुशनच्या हिशेबात डायमंडच्या समोर नाही, डायमंडमधूनच बघायचं असतं, कारण ते आकडे खेळून खेळून तसेच बसवलेले आहेत आणि त्यात किकच्या दिशेची साईड धरलेली आहे. कोपऱ्यातून निघालेल्या व्हाईटला ५ म्हणायचं. समोरच्या लांब कुशनवर दूरच्या कोपऱ्यापासून १, २, ३ असे मोजायचे. ५ वरून ३ वर मारला तर लांब कुशन, आखूड कुशन आणि मग आपल्या बाजूच्या लांब कुशनवर दूरच्या कोपऱ्यापासून २ वर येतो. ५ वजा ३, २. घाटाखालच्यांनी टेबल तपासायचं सांगितलंय ना, त्याला मी हाच शॉट वापरतो. २ वर न येता अडीचवर आला तर ते टेबल लांब चालतंय, दीडवर आला तर आखूड. पण आधी एक कुशन पक्कं कर. गणपतीपर्यंत एक कुशनच्या दहातल्या आठ लागल्या तर तुला आणखी काही लागणार नाही.

फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसचा, पूलमधल्या दिग्गजाचा, तो शॉट बघितला नसशील तर बघ. १९९५, अमेरिकेतलं रिनो, सँड्स रिजन्सीची स्पर्धा, समोर अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, शेवटचा निर्णायक रॅक, आणि स्नूकरमधून दोन कुशनची किक मारून बॉल थेट पॉकेटमधे घातला. मी तो निदान शंभर वेळा बघितलाय. मारायच्या आधी तो कुशनकडे किती वेळ बघतो ते बघ.

दापोलीकरीण

एक राहिलं, स्पर्धा आहे म्हणून सांगते. सरावात आम्ही लाकडावर चॉक ठेवतो, नेमाची खूण म्हणून, तुम्हीही ठेवालच. मॅचमधे तशी खूण ठेवून शॉट मारला तर फाऊल आहे. मारायच्या आधी उचललात तर काही नाही. आमच्या एका मुलाची सेमीफायनल यात गेली, सवयीने चॉक तिथेच राहिला, किक लागली होती तरी.

मांडवी_किनारा

हे माहीत नव्हतं ताई, बरं झालं सांगितलंत. आज रात्री परत जातोय, व्हाईट २० इंचावर, आठ १० इंचावर, तीन डायमंड, तोच शॉट, पन्नास वेळा. चॉक खिशात ठेवून.